कोकणात डीटीपी किंवा छापखाना सुरू करताना सॉफ्टवेअरवर पैसे कधी घालावेत

कुडाळ, चिपळूण, देवगड, अलिबाग, कुठेही नवीन डीटीपी सेंटर किंवा लहान छापखाना काढणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? माझ्या मते हा प्रश्न तिसरा किंवा चौथा यायला हवा. आधी तुमच्याकडे वर्षभरात कुठली कामं येणार, त्यातला मराठी मजकूर किती, आणि छपाई तुमच्याच मशीनवर होणार की फाईल घाट चढून कोल्हापूरला किंवा मुंबईला जाणार, हे ठरू द्या. ते न ठरवता घेतलेलं महागडं पॅकेज कॉम्प्युटरवर पडून राहतं आणि हप्ता मात्र दर महिन्याला कापला जातो. उलट योग्य ठिकाणी घातलेले पैसे पहिल्याच दिवाळी अंकात वसूल होऊ शकतात. ते कसं ताडून पाहायचं ते इथे सविस्तर लिहितो.

आधी वही उघडा

एका वहीत आपल्या भागातलं छपाईचं वर्ष मांडा. कोकणातलं हे वर्ष बऱ्यापैकी ठरलेलं आहे. दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात, म्हणजे जत्रेच्या पत्रिका, दशावतारी नाटकांचे बोर्ड, देवस्थानाची पावती पुस्तकं. फेब्रुवारीपासून आंब्याच्या पेट्यांची लेबलं आणि त्यांच्या जोडीला लग्नपत्रिका. जूनमध्ये शाळांची कामं. श्रावण लागला की गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या आणि आरतीच्या पुस्तिका. मग दिवाळी अंक, मंडळांच्या स्मरणिका, एखाद्या निवृत्त गुरुजींचा कवितासंग्रह. किनाऱ्यावर असाल तर होम-स्टे आणि खाणावळींची मेनूकार्डं बारमाही.

प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहा: वर्षात किती वेळा येतं, किती पानं, किती रंग, आणि छपाई कुठे होते. सुरुवातीला अंदाजानेच लिहावं लागेल, हरकत नाही. गावातल्या एखाद्या जुन्या छापखानेवाल्याशी तासभर बोललात तर हा अंदाज फारसा चुकत नाही.

यादी झाली की कामं आपोआप तीन ढिगांत पडतात. पहिला ढीग एकपानी, चित्रमय कामांचा: लेबल, पत्रिका, बोर्ड, व्हिजिटिंग कार्ड. इथे कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर किंवा मोफत इंकस्केप असली साधनं लागतात. दुसरा ढीग बहुपानी मजकुराचा: पुस्तक, अंक, स्मरणिका, साप्ताहिक. इथे पानांची मांडणी करणारा प्रोग्रॅम हवा, म्हणजे इनडिझाइन, क्वार्कएक्सप्रेस किंवा मोफत स्क्रायबस. तिसरा ढीग आकड्यांचा: नंबर टाकलेल्या पावत्या, नावं बदलणारी प्रमाणपत्रं, ओळखपत्रं.

आपल्याकडे बहुतेकांचा ऐंशी पानांचा अंकही कोरलड्रॉमध्येच लावायचा हट्ट असतो, कारण हात तिथे बसलेला असतो. अंक लागतो, नाही असं नाही. पण विसाव्या पानावर लेखकाने एक परिच्छेद वाढवला की पुढची साठ पानं हाताने सरकवत बसावं लागतं. दुसऱ्या ढिगातली कामं वर्षाला दोनच असतील तर हा त्रास सोसून न्या. महिन्याला दोन असतील तर वेगळ्या प्रोग्रॅमचा विचार करायलाच हवा.

मराठीची परीक्षा

विक्रेता दाखवतो ती सगळी उदाहरणं इंग्रजीत, गुळगुळीत मासिकांची असतात. तुमचं ऐंशी-नव्वद टक्के काम मराठी असेल तर त्या प्रात्यक्षिकाचा उपयोग शून्य. कुठलंही सॉफ्टवेअर, मोफत असो की लाखाचं, आधी देवनागरीच्या घाण्यातून काढा. त्यासाठी ही ओळ जशीच्या तशी टाइप करून पाहा:

“हर्णैच्या किनाऱ्यावरून मार्लेश्वराच्या दऱ्यांपर्यंत गाऱ्हाणी घालणारे मानकरी, वाङ्मयप्रेमी स्त्रिया, ॲडव्होकेट, उद्योजक आणि ब्रह्मवृंद वर्षांपूर्वी ठरल्याप्रमाणे निश्चितच पोहोचतील.”

आता भिंग घेऊन तपासा. ‘हर्णै’मध्ये णवर रफार आणि दोन मात्रा एकत्र येतात, त्या एकमेकींवर चढतात का? ‘दऱ्यां’ आणि ‘गाऱ्हाणी’ यांतला अर्धा र आडवा, पापणीसारखा येतो का, की त्याचा रफार होऊन ‘दर्यां’ होतं? हिंदीपुरती तयार केलेली बरीच साधनं आणि फॉन्ट इथेच नापास होतात. ‘वाङ्मय’मधला ङ पाय मोडून वेगळा पडतो का? ‘स्त्रि’ची वेलांटी पूर्ण जोडाक्षराच्या आधी येते, की मधल्या त च्या मागे अडकते? ‘वर्षांपूर्वी’मध्ये रफार आणि अनुस्वार एकाच जागेसाठी भांडतात का? ‘ॲ’ एकसंध दिसतो की अ आणि चंद्र वेगळे? शेवटी ल आणि श पाहा. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल वेगळे असतात, श चंही तसंच. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण परिच्छेदाची भाषा ‘मराठी’ अशी निवडल्याशिवाय मराठी रूप पुढे येत नाही. भाषा निवडण्याची सोयच नसेल तर तो प्रोग्रॅम पुस्तकाच्या कामाला लंगडा आहे असं समजा. तिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट मुळातच मराठी वळणाने केलेला आहे. तो घेतलात तर ही अडचण बरीच कमी होते.

इनडिझाइनबद्दल एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही. युनिकोड मराठी (फोनवर, वेबसाइटवर चालणारं, फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच राहणारं) टाकल्यावर वेलांट्या भलतीकडे गेल्या, जोडाक्षरं फुटली की लोक म्हणतात, ‘इनडिझाइनला मराठी जमत नाही.’ जमतं. परिच्छेदाच्या पर्यायांत ‘ॲडोब वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडावा लागतो. भारतीय भाषांसाठीची ही सोय २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीपासून आहे. एकदा पॅराग्राफ स्टाइलमध्ये ती बसवून टाकली की पुन्हा बघावं लागत नाही.

स्क्रायबसची गोष्ट वेगळी. त्याच्या १.४ मालिकेत देवनागरी नीट जुळत नसे आणि तेव्हा ज्यांनी पाहिला त्यांनी तो कायमचा टाकून दिला. १.५ मालिकेत जोडाक्षरांची व्यवस्था आली आणि जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या १.६ या स्थिर आवृत्तीत ती आहे. सीएमवायके म्हणजे छपाईचे चार रंग, पीडीएफ/एक्स म्हणजे छपाईसाठीची पीडीएफ, छपाईपूर्व तपासणी हे सगळं त्यात आहे. चालवायला थोडा अवघड वाटतो, मोठ्या दस्तऐवजात मंदावतो, पण वर्षाला दोन-तीन पुस्तिका करणाऱ्याने पैसे खर्च करण्याआधी तो मनापासून वापरून पाहावाच.

मोफत आहे म्हणून घ्यायचं, असंही करू नका. ॲफिनिटी हे डिझाइनचं पॅकेज २०२५ च्या ऑक्टोबरपासून मोफत झालं आणि लगेच बऱ्याच जणांनी ते उतरवून घेतलं. त्याच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरं नीट जुळत नव्हती. नवी आवृत्ती तुमच्या कॉम्प्युटरवर हर्णैची ओळ कशी दाखवते ते बघून मगच त्यात एखाद्या अंकाचं काम हाती घ्या.

परीक्षेचा दुसरा भाग पीडीएफचा. पडद्यावर सुंदर दिसलेली ओळ पीडीएफ केल्यावर बिघडू शकते. पीडीएफ काढा, दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडा आणि लेझर प्रिंटरवर १० पॉइंटमध्ये छापा. मग त्या पीडीएफमधला मजकूर कॉपी करून वर्डमध्ये चिकटवा. अक्षरं बरोबर उतरली तर हाच मजकूर उद्या ई-बुकला, वेबसाइटला, लेखकाला परत द्यायला वापरता येईल. उतरली नाहीत तर मूळ मजकूर वेगळा जपून ठेवणं आलं.

जुन्या फॉन्टचा प्रश्न

आपल्या भागातले बरेच छापखाने अजून पेजमेकर हा पानं लावायचा जुना प्रोग्रॅम आणि जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर, म्हणजे श्रीलिपी, आयएसएम, आकृती यांच्या ठेवणीतल्या मजकुरावर चालतात. त्यात कमीपणा काही नाही. या पॅकेजांनी खिळे जुळवणाऱ्या मराठी मुद्रकाला कॉम्प्युटरवर आणलं. टंकलेखनाचा वेगही त्यांच्यावर तयार झालेला असतो. पण नव्याने सुरू करणाऱ्याने हे लक्षात घ्यावं की तिथला मजकूर युनिकोड नसतो. फॉन्ट काढला की त्या जागी नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं उरतात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, ती आली २००१ साली आणि २००४ पासून त्यावरचं काम थांबलं. पेजमेकरच्या फाईली उघडण्याची सोय इनडिझाइनमध्ये सीएस ६ पर्यंत होती, त्यानंतर काढून टाकली. म्हणजे वीस वर्षांपूर्वीचं पुस्तक आज पुन्हा छापायचं म्हटलं तर फाईलही अडते आणि फॉन्टही.

रूपांतर करणारी साधनं मिळतात, त्यातली काही मोफत आहेत. त्यांवर पूर्ण विसंबू नका. रफार, वेलांटी आणि पापणीचा र इथे ती हमखास चुकतात, त्यामुळे रूपांतरानंतर मुद्रितशोधन पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. कुणी तुम्हाला रूपांतराचं पॅकेज विकायला आला तर जुन्या फाईलमधली दोन पानं त्याच्यासमोर रूपांतरित करायला लावा आणि चुका मोजा. पानाला दहा चुका निघाल्या तर नव्याने टाइप करून घेणं कदाचित स्वस्त पडेल.

माझं ठाम मत असं की आज शून्यातून सुरुवात करणाऱ्याने युनिकोडवरच सुरुवात करावी. लेखक आता मजकूर व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर युनिकोडमध्येच पाठवतात. तो जुन्या फॉन्टमध्ये ओढायचा, छापायचा आणि वेबसाइटसाठी परत युनिकोड करायचा, यात दोन वेळा चुका शिरतात.

तासांचा हिशोब

आता पैशांकडे येऊ. सॉफ्टवेअरचं मोल त्याने वाचवलेल्या तासांवर आणि टाळलेल्या फेरछपाईवर ठरतं. आकडेमोड सोपी आहे. खालचे आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमचे आकडे घालून पुन्हा करा.

समजा एका पॅकेजची वर्गणी वर्षाला २४,००० रुपये आहे आणि तुमच्या एका तासाची कमाई तुम्ही १५० रुपये धरता. २४,००० भागिले १५० म्हणजे १६० तास. त्या पॅकेजने वर्षात १६० तास, म्हणजे महिन्याला साधारण सव्वातेरा तास वाचवले तर त्याचे पैसे वसूल झाले. आता वही काढा. तुमच्याकडे वर्षाला बारा पुस्तिका येतात आणि प्रत्येकीमागे चार तास वाचतात, तर झाले ४८ तास. नका घेऊ. पण एखादं आठ पानी साप्ताहिक तुमच्याकडे लागत असेल आणि अंकामागे तीन तास वाचत असतील, तर ५२ अंकांचे १५६ तास होतात आणि एवढ्या एका कामावर वर्गणी जवळजवळ निघते. पुस्तिका वर पडल्या तो फायदा.

या हिशोबात दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, शिकण्याचा काळ. नवीन प्रोग्रॅमवर पहिले दोन-तीन महिने हात मंद चालतो, ते तास वजा करा. दुसरी, वाचलेल्या तासाचं तुम्ही काय करणार? आषाढात दुकानात माश्या मारत बसलेले असताना वाचलेल्या तासाला किंमत नाही. गणपतीच्या आदल्या आठवड्यात वाचलेल्या तासाला तिप्पट आहे. म्हणून हिशोब गर्दीच्या महिन्यांवर करा.

फेरछपाईचा हिशोब वेगळा मांडावा. फोर कलरची एक फाईल चुकीच्या रंगात गेली तर प्लेटा (छपाईचे साचे, रंगाला एक), कागद, छपाई आणि एसटीच्या पार्सलचं भाडं, सगळं तुमच्या अंगावर. आणि आंब्याच्या पेट्या भरून गाडी वाशीच्या बाजाराला निघायची आहे तेव्हा लेबल हातात नसणं याची भरपाई पैशांत होत नाही. तपासणीचं साधन असल्या दोन चुका टाळत असेल तर त्याची किंमत त्या दोन चुकांशी ताडून पाहा.

काय विकत घ्यायची गरज नाही

विक्रेते आग्रहाने गळ्यात मारतात ती पहिली गोष्ट म्हणजे फर्मा लावण्याचं, म्हणजे मोठ्या कागदावर पानं घडीच्या क्रमाने मांडण्याचं, इम्पोझिशनचं सॉफ्टवेअर. तुमची छपाई बाहेर सीटीपीवाल्याकडे (कॉम्प्युटरवरून थेट प्लेट काढणाऱ्याकडे) होत असेल तर पानं तो लावतो. त्याच्या मशीनचा आकार, ग्रिपर (कागद पकडणारी कड), घडीची पद्धत त्याला माहीत असते. तुम्ही सुट्या पानांची पीडीएफ क्रमाने द्यायची. स्वतःचा मिनी ऑफसेट, म्हणजे लहान छपाई मशीन असेल आणि महिन्याला चार-पाच पुस्तिका लावायच्या असतील तरच हा खर्च विचारात घ्या.

पण साधन घ्या किंवा न घ्या, फर्मा हाताने लावता यायलाच हवा. सोळा पानी फर्म्यासाठी एक कागद तीन वेळा घडी घाला, कडेने पानांचे नंबर टाका आणि उघडा. एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ येतील, दुसऱ्या बाजूला उरलेले. शेजारच्या जोडीची बेरीज नेहमी १७. हे डोळ्यांना पाठ झालं की सॉफ्टवेअरने केलेली चूकही पकडता येते.

इम्पोझिशनच्या साधनाची खरी कसोटी पिन मारलेल्या जाड पुस्तिकेत लागते. ९६ पानांची स्मरणिका मधोमध पिन मारून करायची तर एकात एक २४ कागद बसतात. ८० जीएसएम कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर. म्हणजे सर्वांत आतलं पान बाहेरच्या पानापेक्षा दोन मिलिमीटरहून जास्त पुढे ढकललं जातं आणि कटिंगमध्ये कडेचा पान-नंबर कापला जाऊ शकतो. चांगलं साधन प्रत्येक पान त्या हिशोबाने आत सरकवतं. विक्रेत्याला नेमकं हेच करून दाखवायला सांगा.

दुसरी गोष्ट नंबरिंगची. वर्गणीच्या पावत्यांसाठी खास सॉफ्टवेअर घ्यावं असं कुणी सुचवलं तर थांबा. डिजिटल प्रिंटरवर किंवा आधी छापलेल्या कागदावर लेझरने नंबर टाकायचे असतील तर इनडिझाइनमधला डेटा मर्ज किंवा कोरलमधला प्रिंट मर्ज पुरतो; दोन्ही यादीतले नंबर आपोआप भरतात. समजा शंभर पावत्यांची ४० पुस्तकं, म्हणजे ४,००० नंबर, आणि एका कागदावर चार पावत्या बसतात. एक्सेलमध्ये चार स्तंभ करा. पहिला १ पासून, दुसरा १००१ पासून, तिसरा २००१ पासून, चौथा ३००१ पासून. हजार ओळी खाली ओढा. प्रत्येक ओळ म्हणजे एक कागद. छापून झाल्यावर गठ्ठा कापला की चार ढीग पडतात आणि प्रत्येक ढिगात सलग नंबरांची दहा पुस्तकं तयार असतात. हाताने पावत्या लावत बसावं लागत नाही.

अंदाजपत्रकं आणि बिलं यांसाठी छापखान्याचं खास पॅकेज सुरुवातीला घेऊ नका. एक्सेल पुरे.

छपाई करणाऱ्याला विचारा

पैसे देण्यापूर्वी एक फोन करायचा तो जिथे प्लेटा निघणार त्या ठिकाणी. त्यांना कुठली पीडीएफ चालते? जुनी यंत्रणा असेल तर पीडीएफ/एक्स-१ए मागतील. त्यात सगळे पारदर्शक परिणाम सपाट करावे लागतात. नवी असेल तर पीडीएफ/एक्स-४ चालेल. तुम्ही घेणार ते साधन त्यांना हवी ती पीडीएफ देतं का, ३ मिलिमीटर ब्लीडसह (कटिंगसाठी कडेबाहेर वाढवलेल्या रंगासह) देतं का, आणि काळा मजकूर फक्त काळ्या प्लेटवर ठेवतं का, हे एका नमुना फाईलवर तपासून घ्या. शेवटचा मुद्दा बारीक वाटेल, पण बारीक मराठी मजकूर चार प्लेटांत विभागला गेला तर रजिस्टर, म्हणजे रंगांची जुळणी, जरा हललं तरी अक्षराभोवती रंगीत सावली दिसते आणि अनुस्वार बुजतात.

बरेच जण ‘कर्व्ह करून’, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, ‘कोरल फाईल पाठवा’ म्हणतात. लग्नपत्रिकेला ठीक आहे. दोनशे पानांच्या पुस्तकाला नाही. त्याला फॉन्ट आत बसवलेली पीडीएफच द्या.

गिऱ्हाईकाने फोनवर केलेली डिझाइनं आणि व्हॉट्सॲपवरचे फोटो येतच राहणार. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो बहुधा १,६०० पिक्सेलच्या आसपास उरतो. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) तो साडेपाच इंचही भरत नाही. कुठलंही महाग सॉफ्टवेअर त्यातून मुखपृष्ठ काढून देणार नाही. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ एवढं सांगणं फुकट आहे.

पाऊस, वीज आणि बाहेर पडायची वाट

हा भाग पुण्या-मुंबईच्या माणसाला सुचत नाही. आपल्याकडे वळवाच्या विजेत मदरबोर्ड जळतात, जुलैत लाईट आणि नेट दोन्ही जातात. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात दुकानंच्या दुकानं पाण्याखाली गेली. म्हणून विक्रेत्याला हे प्रश्न थेट विचारा आणि उत्तर लेखी, निदान मेलवर घ्या. मदरबोर्ड बदलला तर लायसन्स पुन्हा चालू होईल का, किती वेळा आणि किती दिवसांत? नेट नसताना प्रोग्रॅम किती दिवस चालेल? लायसन्स डोंगलवर (कॉम्प्युटरला लावायच्या किल्लीवर) असेल तर डोंगल हरवल्यास किंवा भिजल्यास नवीन मिळेल की पुन्हा पूर्ण पैसे? अडचण आली तर फोनवर मराठीत बोलणारा माणूस आहे का, की तक्रार क्रमांक घेऊन बसायचं?

आणि सर्वांत मोठा प्रश्न: उद्या हे सॉफ्टवेअर सोडायचं ठरवलं तर माझी कामं बाहेर कशी निघतील? वर्गणी थांबली की फाईल उघडत नाही. प्रत्येक काम संपल्यावर चार गोष्टी एका फोल्डरमध्ये ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा: फॉन्ट आणि चित्रांसह पॅकेज केलेली मूळ फाईल, आयडीएमएल प्रत (इनडिझाइनमधून काढलेली, इतर प्रोग्रॅममध्येही उघडणारी), छपाईची पीडीएफ, आणि शुद्ध युनिकोड मजकूर. आयडीएमएल स्क्रायबसमध्येही उघडते. मांडणी थोडी हलते, पण मजकूर आणि चौकटी हाती लागतात. असं बाहेर काढून देणारा कुठलाही मार्ग ज्या पॅकेजमध्ये नाही ते कितीही स्वस्त असलं तरी मी घेऊ देणार नाही. हे फोल्डर दुकानातच ठेवू नका. एक हार्ड डिस्क वरच्या वाडीत कुणा नातेवाइकाकडे असू द्या.

चाचणीचा आठवडा

ॲडोबची मोफत चाचणी सात दिवसांची असते, इतरांची कमी-जास्त. चाचणी सुरू करण्याआधीच सगळं तयार ठेवा, नाहीतर दोन दिवस इन्स्टॉल करण्यातच जातात. मागच्या वर्षातलं सर्वांत त्रासाचं काम निवडा: तक्ते, तळटीपा, दोन स्तंभ, जाहिराती असलेली स्मरणिका. जाहिरातींच्या पानांनी भरलेली ऐंशी पानांची स्मरणिका जे सॉफ्टवेअर पेलतं ते बाकी सगळं पेलतं. तेच काम नव्या साधनात पुन्हा लावा, घड्याळ लावून. मग मुद्दाम मधल्या पानावर अर्धं पान मजकूर वाढवा आणि पुढची पानं किती वेळात सावरतात ते पाहा. शेवटी पीडीएफ सीटीपीवाल्याला पाठवून त्याच्याकडून तपासून घ्या. ज्यांच्या हातून रोज काम होणार, म्हणजे तुमच्याकडे टाइपिंगला बसणारा मुलगा किंवा मुलगी, त्यांनाच हे करायला बसवा. त्यांना जमलं नाही तर तुम्हाला जमून उपयोग नाही.

चोरीची कॉपी वापरायचा मोह होतो, आजूबाजूला सगळे वापरतात असंही वाटतं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून कॉम्प्युटरवर वापरल्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. त्याशिवाय क्रॅकसोबत येणारा व्हायरस गिऱ्हाइकाच्या फाईलीही घेऊन जातो. पैसे नसतील तर मोफत आणि कायदेशीर साधनं आज पुरेशी चांगली आहेत. सुरुवात त्यांवर करा. फॉन्टचंही तसंच. मुक्त, बलू, नोटो आणि वर सांगितलेला तिरो, हे सगळे मुक्त परवान्याचे आहेत आणि धंद्यासाठी वापरता येतात.

घेताना आणि घेतल्यावर

बिल स्वतःच्या धंद्याच्या नावावर घ्या. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी लागतो. तुम्ही नियमित नोंदणीत असाल तर त्याची वजावट मिळते, जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर मिळत नाही. तेव्हा किमतीची तुलना करताना हे धरून करा. वर्षाची वर्गणी एकदम भरण्याआधी अटी वाचा. मधेच बंद केल्यास उरलेल्या महिन्यांचे पैसे कापण्याची तरतूद असू शकते. पहिलं वर्ष शक्य असेल तर महिन्याच्या हप्त्याने, गर्दीच्या महिन्यांपुरतंच घ्या. श्रावण ते दिवाळी एवढेच महिने घेऊन बाकी वर्ष मोफत साधनांवर काढणारे मुद्रक आहेत आणि त्यांचं काम अडत नाही.

नूतनीकरणाची तारीख कालनिर्णयावर लाल पेनाने लिहा, आणि तिच्या पंधरा दिवस आधी दुसरी खूण करा. त्या दिवशी वही काढून पाहा: ठरवलेले तास खरंच वाचले का, फेरछपाई किती झाली. हिशोब बसत नसेल तर त्या पंधरा दिवसांत सगळ्या चालू कामांच्या आयडीएमएल आणि पीडीएफ काढून ठेवा, एक-दोन फाईली दुसऱ्या साधनात उघडून बघा, आणि मगच वर्गणी बंद करा.